इंचॉनचं बंदर आणि तिथल्या लढाया: भरतीचं गणित

कोरियाला नोकरीसाठी निघालेल्या एका तरुणाने विचारलं आहे: "इंचॉन म्हटलं की सगळे १९५० सालच्या अमेरिकन सेनापती मॅकआर्थरच्या स्वारीबद्दलच बोलतात. त्याच्या आधी आणि नंतर या बंदराला लष्करी इतिहास आहे का? आणि ती स्वारी खरोखर नशिबाचा जुगार होती का?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यातून पहिल्याचं उत्तर आपोआप निघतं. जुगार नव्हता. धोका प्रचंड होता, पण तो मोजलेला होता, आणि मोजणारी माणसं मॅकआर्थरपेक्षा खूप खालच्या हुद्द्यावरची होती. मी आयुष्यभर मालवाहू जहाजं चालवली, इंचॉनच्या लॉकमधून, म्हणजे आतल्या पाण्याची पातळी राखणाऱ्या दारांच्या कप्प्यातून, जहाज आत नेलेलं आहे. त्यामुळे या बंदराचा इतिहास मी सेनापतींच्या चरित्रांऐवजी पाण्याच्या बाजूने वाचत आलो.

तिथलं पाणी कसं आहे ते आधी समजून घ्या. इंचॉन पीत समुद्राच्या काठावर, हान नदीच्या मुखाजवळ आहे. सोल तिथून साधारण ४० किलोमीटर. मुंबईत उधाणाची मोठी भरती पाच मीटरच्या आसपास जाते. इंचॉनला उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांतला फरक नऊ मीटरच्या पुढे जाऊ शकतो. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत तो निम्म्याहून कमी होतो. आपल्याकडे असं पाणी फक्त खंभातच्या आखातात दिसतं, म्हणून तर भावनगरच्या बंदरालाही लॉकगेट आहे. ओहोटी लागली की इंचॉनसमोर मैलोन्‌मैल राखाडी चिखल उघडा पडतो. त्या चिखलातून वाट काढणारे चॅनेल अरुंद, नागमोडी आणि बेटांनी अडवलेले. पाण्याला ओढ इतकी की मंद गतीचं जहाज सहज बाजूला ढकललं जातं. लॉकसमोर वेळेची वाट बघत उभं राहिलं की तासाभरात किनाऱ्याचा आकारच बदललेला दिसतो. मघाशी जिथे पाणी होतं तिथे आता लाकडी होड्या कुशीवर पडलेल्या असतात. जपानी राजवटीत १९१८ साली इथे पहिला लॉक झाला. आजचा मोठा लॉक १९७४ चा, ५० हजार टनांच्या जहाजापर्यंत.

हे पाणी कोरियन राजांना फार आधी कळलं होतं. मंगोल स्वारीच्या वेळी १२३२ मध्ये गोर्यो घराण्याने राजधानी हलवली ती इंचॉनच्या उत्तरेला असलेल्या गांगह्वा बेटावर. मुख्य भूमी आणि बेट यांच्यामधली सामुद्रधुनी जेमतेम नदीएवढी रुंद, पण त्या प्रवाहाने आणि चिखलाने मंगोल घोडदळाला थोपवलं. दरबार १२७० पर्यंत तिथे टिकला. पुढे १६३७ मध्ये मांचूंनी हेच बेट घेतलं, आणि राजाला शरण जावं लागलं.

एकोणिसाव्या शतकात तोफांची जहाजं आली. १८६६ मध्ये फ्रेंच आले आणि जाताना गांगह्वावरच्या राजग्रंथालयातले ग्रंथ घेऊन गेले. त्यांतले २९७ खंड २०११ मध्ये कोरियाला परत मिळाले, तेही कायद्याच्या भाषेत उसने म्हणून. १८७१ मध्ये अमेरिकन आले. त्यांचे खलाशी आणि मरीन (आरमाराबरोबर उतरून लढणारे शिपाई) चोजीच्या किल्ल्याजवळ उतरले तेव्हा गुडघाभर चिखलात रुतले, तोफा ओढता ओढता त्यांचा दम निघाला. पुढे ग्वांगसोंगच्या गढीत सेनापती ओ जे-यॉन आणि त्यांचे शिपाई जवळजवळ शेवटच्या माणसापर्यंत लढले. १८७५ मध्ये जपानी गनबोट उन्यो आली, आणि तिच्या मागोमाग १८७६ चा गांगह्वा तह. त्या तहाने कोरियाची बंदरं उघडायला सुरुवात झाली. इंचॉन, तेव्हाचं चेमुल्पो, १८८३ मध्ये खुलं झालं. ज्याला सोलवर दाब आणायचा त्याला हीच वाट धरावी लागे. १८९४ मध्ये चीनशी युद्ध पेटण्याआधी जपानने फौज उतरवली ती इथेच, आणि त्याच जुलैत दक्षिणेला पुंगदो बेटाजवळ युद्धाची पहिली आरमारी चकमक झाली.

आता १९०४. या बंदराची ही लढाई मला सगळ्यात जास्त शिकवून गेली, म्हणून इथे जरा थांबतो.

रशिया आणि जपान युद्धाच्या उंबरठ्यावर होते. चेमुल्पोच्या नांगरवाड्यात रशियाची दोन जहाजं उभी होती: क्रूझर वार्याग आणि जुनी, मंद गनबोट कोरियेत्स. वार्याग अमेरिकेत फिलाडेल्फियाला बांधलेली, वेगवान म्हणून नावाजलेली. तिचे कप्तान व्सेवोलोद रुदनेव. शेजारी ब्रिटनची टॅल्बट, फ्रान्सची पास्काल, इटलीची एल्बा, अमेरिकेची विक्सबर्ग. जपानची चियोदाही तिथेच होती. एका रात्री ती गुपचूप नांगर उचलून बाहेर आपल्या ताफ्याला जाऊन मिळाली. अनुभवी माणसाला एवढा इशारा पुरे होता. ८ फेब्रुवारीला कोरियेत्स टपाल घेऊन पोर्ट आर्थर या रशियन तळाकडे निघाली, तर बाहेर रिअर ॲडमिरल उरिऊ यांचा ताफा आडवा आला. तिच्यावर टॉर्पेडो सोडले गेले आणि ती मागे फिरली. त्याच रात्री जपान्यांनी बंदरात फौज उतरवली. कोरिया तटस्थ होता, पण ती तटस्थता कुणी जुमानली नाही. सोल-इंचॉन रेल्वे १८९९ पासून सुरू झालेलीच होती, त्यामुळे उतरलेले शिपाई लगेच राजधानीकडे निघाले.

दुसऱ्या दिवशी उरिऊंचा निरोप आला: दुपारी बारापर्यंत बाहेर या, नाहीतर बंदरात येऊन हल्ला करू. रुदनेव बाहेर पडले. इथे अनेकजण विचारतात, वेगवान जहाज होतं तर ते निसटलं का नाही? चॅनेलचा नकाशा डोळ्यासमोर आणा. बाजूला चिखल, समोर पाल्मी बेट, आणि बेटाच्या पलीकडे असामा ही बख्तरबंद क्रूझर धरून सहा जपानी क्रूझर. अशा जागी २३ नॉटचा वेग कागदावरच राहतो. वळायला जागा नाही, आणि सोबतच्या कोरियेत्सला सोडून जाणं रुदनेवना मंजूर नव्हतं. तासाभराच्या माऱ्यात वार्यागवर तीसेक माणसं मेली आणि ती मागे वळली. कोरियेत्स स्फोटाने उडवून दिली. वार्याग मात्र परदेशी जहाजांच्या फार जवळ उभी होती, म्हणून झडपा उघडून ती बुडवली.

यातली एक गोष्ट खलाशी सोडून फारसं कुणी बोलत नाही. वार्याग बुडाली ती उथळ पाण्यात. ओहोटीला ती आडवी पडलेली पाण्याबाहेर दिसत असे. त्या काळची छायाचित्रं आहेत. साहजिकच जपान्यांनी पुढच्या वर्षी ती वर काढली, सोया नावाने आपल्या आरमारात घेतली, आणि १९१६ मध्ये रशियाला परत विकली. शेवटी ती स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर फुटली. इतक्या मोठ्या भरती-ओहोटीच्या बंदरात जहाज बुडवून शत्रूपासून लपवता येत नाही. माझ्या मते रुदनेवनी ती उडवायला हवी होती. पण शेजारच्या तटस्थ जहाजांवर जखमी पोहोचवले जात असताना दारूगोळा पेटवणं कुठल्याही कप्तानाला जड गेलं असतं, हेही तितकंच खरं. जपाननेच पुढे त्यांना सन्मानपदक दिलं.

आता १९५०. जूनमध्ये उत्तर कोरियाने चढाई केली, आणि ऑगस्टपर्यंत दक्षिण कोरिया व अमेरिकेच्या फौजा आग्नेयेला बुसानभोवतीच्या कोपऱ्यात दाबल्या गेल्या. मॅकआर्थरचं म्हणणं: शत्रूची सगळी रसद सोलमधून जाते, तर इंचॉनला उतरून सोल घ्या. २३ ऑगस्टला टोकियोत बैठक झाली. स्वारीची आरमारी बाजू रिअर ॲडमिरल जेम्स डॉयल यांच्याकडे होती. त्यांच्या अधिकाऱ्यांनी एकेक करून अडचणी मांडल्या, आणि शेवटी डॉयल एवढंच म्हणाले की इंचॉन अशक्य नाही, याहून जास्त मी म्हणू शकत नाही. मॅकआर्थरच्या भाषणाची आठवण सगळे काढतात. मला विचाराल तर त्या खोलीतलं सगळ्यात मोलाचं वाक्य डॉयलांचं होतं.

अडचण काय होती? रणगाडे आणि सामान थेट किनाऱ्यावर टेकवणाऱ्या मोठ्या जहाजांना, म्हणजे एलएसटींना, साधारण नऊ मीटरची भरती लागत होती. छोट्या होड्यांना सात. असं पाणी महिन्यातल्या मोजक्याच दिवशी, तेही तीनेक तास. १५ सप्टेंबर, नाहीतर २७ सप्टेंबर, नाहीतर ११ ऑक्टोबर. त्यानंतर थंडी आणि खवळलेला समुद्र. १५ तारखेला सकाळची भरती सातच्या सुमारास, संध्याकाळची सव्वासातनंतर, आणि सूर्यास्त पावणेसातला. शहरासमोर वोल्मी बेट, एका बांधाने शहराला जोडलेलं. ते आधी घेतल्याशिवाय मुख्य हल्ला करणं म्हणजे कुशीत तोफा घेऊन जाणं. म्हणून स्वारी दोन भरत्यांत विभागली. सकाळी वोल्मी, संध्याकाळी शहर. मधले दहा-अकरा तास वोल्मीवरचे मरीन चारही बाजूंनी चिखलात, आणि ताफ्याला त्यांच्याजवळ जाता येणार नाही.

ज्यांना जुगार वाटतो त्यांनी पुढची तयारी बघावी. ऑगस्टमध्येच दक्षिण कोरियाच्या आरमाराने दोकजॉक आणि योंगहुंग ही चॅनेलच्या तोंडावरची बेटं ताब्यात घेतली होती. १ सप्टेंबरपासून अमेरिकन आरमाराचे लेफ्टनंट यूजीन क्लार्क आणि त्यांचे कोरियन साथीदार योंगहुंगवर ठाण मांडून होते. तिथल्या कोळ्यांच्या मदतीने त्यांनी बंदरातल्या तोफा, धक्क्याच्या भिंतीची उंची, चिखल किती धरतो हे सगळं तपासून कळवलं. क्लार्कनी आणखी एक गोष्ट पडताळली: अमेरिकन भरती-कोष्टकापेक्षा जुनं जपानी कोष्टक जास्त अचूक आहे. ज्या हल्ल्यात पाऊण मीटरच्या चुकीने जहाज भिंतीपासून दूर चिखलात बसलं असतं, तिथे हे एक टिपण एखाद्या बटालियनइतकं वजनदार होतं.

१३ सप्टेंबरला विनाशिका चॅनेलमधून वर गेल्या त्या मुद्दाम पाणी उतरलेलं असताना. आणि काय दिसलं? नांगरलेले सुरुंग उघडे पडलेले. भरतीला ते पाण्याखाली लपले असते. जहाजांनी ते गोळीबाराने उडवले आणि मग वोल्मीसमोर नांगर टाकून शत्रूच्या तोफांना आपल्यावर मारा करायला लावला, म्हणजे त्या कुठे लपल्या आहेत ते कळावं. १५ च्या मध्यरात्रीनंतर क्लार्कनी पाल्मीचा दीप पेटवला आणि त्या खुणेवर ताफा आत आला. पाल्मीचा हा दीपस्तंभ १९०३ चा, कोरियातला पहिला आधुनिक दीपस्तंभ. वार्यागची लढाई झाली तेव्हा तो उभा राहून वर्षही झालं नव्हतं.

साडेसहाला मरीन वोल्मीवर उतरले. तास-दीड तासात बेट हातात आलं. संध्याकाळी साडेपाचला मुख्य हल्ला. होड्या दगडी भिंतीला टेकल्या आणि शिपाई शिड्यांवरून वर चढले. तिथेच लेफ्टनंट बाल्डोमेरो लोपेझ यांचं भिंतीवर चढतानाचं छायाचित्र घेतलं गेलं. काही क्षणांतच ते हातातून निसटलेल्या ग्रेनेडवर स्वतः पडले आणि साथीदार वाचले. अंधार पडता पडता आठ एलएसटी त्या भिंतीशी आणल्या गेल्या. पाणी उतरल्यावर त्या रात्रभर चिखलावर बसणार हे ठाऊक होतं. सामान पोचायचं तर दुसरा उपाय नव्हता. स्वारीतल्या एकूण एलएसटींपैकी बहुसंख्य जहाजांवर जपानी खलाशी होते, हे कुठल्याच विजयगाथेत ठळकपणे येत नाही. पहिल्या दिवशी हल्लेखोरांचे वीसेक लोक मेले. महिनाअखेर सोल परत मिळालं.

पण या आकड्याशी थांबणारा माणूस अर्धी गोष्ट सांगतो. वोल्मी बेटावर गाव होतं. स्वारीच्या पाच दिवस आधी, १० सप्टेंबरला, अमेरिकन विमानांनी बेटावर नापाम, म्हणजे चिकटून जळणारं पेट्रोल, टाकला आणि त्यात तिथले रहिवासी जळाले. दक्षिण कोरियाच्या सत्यशोधन आयोगाने २००८ मध्ये हे अधिकृतपणे नोंदवलं. मृतांचा अंदाज शंभरच्या आसपास आहे. वाचलेल्यांना आपल्या जमिनीवर परतता आलं नाही, कारण ती लष्कराकडे गेली. क्लार्कना मदत केलेल्या योंगहुंगच्या गावकऱ्यांनाही किंमत मोजावी लागली. क्लार्क निघून गेल्यावर उत्तर कोरियाच्या सैनिकांनी बेटावर येऊन अनेकांना ठार केलं. स्वारीचा अभ्यास शिकवताना ही दोन्ही गावं गाळणं मला मान्य नाही.

माझ्या मते खरी चूक सप्टेंबरमध्ये झालीच नाही, ती ऑक्टोबरमध्ये झाली. सोल घेतल्यावर मॅकआर्थरने मरीनना पुन्हा इंचॉनमध्ये जहाजांवर चढवून पूर्व किनाऱ्यावर वोनसानला उतरवायचं ठरवलं. ज्या भरतीने माणसं उतरवली तीच आता माणसं चढवताना आड आली. इंचॉनला दिवसाकाठी काही तासच काम होतं. धक्के मरीनांच्या सामानाने अडले आणि उत्तरेकडे निघालेल्या अमेरिकेच्या आठव्या सेनेची रसद तटली. मरीन १९ तारखेला वोनसानसमोर पोचले, तर तिथे समुद्रात सुरुंग. ते काढेपर्यंत जहाजं येरझाऱ्या घालत राहिली, आणि दक्षिण कोरियाच्या फौजेने वोनसान जमिनीवरून आधीच घेतलं होतं. बंदर जिंकणं आणि बंदर चालवणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसऱ्या कामाचं गणित करणारं कुणी त्या वेळी वरच्या खोलीत बसलेलं नव्हतं. जानेवारी १९५१ मध्ये चिनी फौजांपुढे माघार घेताना अमेरिकनांना बंदराची यंत्रणा स्वतःच उद्ध्वस्त करावी लागली, आणि फेब्रुवारीत शहर परत हाती आलं.

आता आपल्याशी जोडलेला भाग. युद्धविरामानंतर मायदेशी परतायला नकार देणाऱ्या युद्धकैद्यांची जबाबदारी भारताने घेतली. त्यासाठी नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या. कैद्यांची राखण करणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख मेजर जनरल शं. पां. पा. थोरात, आपले कोल्हापूरकडचे. पाच हजारांहून अधिक भारतीय जवान १९५३ च्या सप्टेंबरपासून जहाजांनी इंचॉनला आले. पण राष्ट्राध्यक्ष सिंगमन री यांनी बजावलं की भारतीयांचे पाय दक्षिण कोरियाच्या भूमीला लागता कामा नयेत. म्हणून जवानांना बंदरात उभ्या जहाजांवरून हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात नेण्यात आलं. त्या काळात इतकी माणसं हेलिकॉप्टरने नेणं हे मोठंच काम होतं. तिथे त्यांनी हिंद नगर वसवलं. कैद्यांनी एका भारतीय मेजरला कुंपणाच्या आत ओढून नेलं तेव्हा थोरात स्वतः आत गेले आणि गोळी न झाडता त्याला सोडवून आणलं. हजारो चिडलेल्या कैद्यांमध्ये असं जाण्याला काय छाती लागते, हे सैन्यात न गेलेल्यालाही कळेल. तुम्ही इंचॉनला गेलात की सगळे तुम्हाला जायू बागेतला मॅकआर्थरचा पुतळा दाखवतील. तिथून बंदराकडे बघताना थोरातांच्या तुकडीचीही आठवण ठेवा.

आजचं विचाराल तर दक्षिण कोरियाच्या दुसऱ्या आरमारी ताफ्याचा तळ १९९९ मध्ये इंचॉनहून दक्षिणेला प्योंगटेकला गेला. लॉकच्या आत अडकलेली युद्धनौका आणीबाणीत कामाची नाही, त्यामुळे मला हा निर्णय पटतो. मात्र उत्तर कोरियाच्या किनाऱ्याला खेटून असलेली येओनप्योंग आणि बेंगन्योंग ही बेटं इंचॉन महानगराच्याच हद्दीत येतात. त्यामुळे शहर अजूनही आघाडीवर आहे. मार्च २०१० मध्ये बेंगन्योंगजवळ चॉनान ही युद्धनौका दुभंगून बुडाली आणि ४६ खलाशी गेले. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला उत्तरेने येओनप्योंगवर तोफा डागल्या. दोन मरीन आणि दोन नागरिक मेले. १९५३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सेनापतींनी समुद्रात आखलेली सीमारेषा उत्तर कोरिया मानत नाही, आणि त्या रेषेच्या दोन्ही अंगांना खेकड्याची मासेमारी चालते. हंगाम ऐन भरात असताना दोन्हीकडच्या होड्या रेषेशी येतात, त्यांच्यामागे गस्तीनौका येतात. १९९९ आणि २००२ या दोन्ही येओनप्योंगच्या चकमकी जूनमध्येच झाल्या, त्याचं कारण हेच.